आमच्या गावास भूत नाही

आमच्या नाशिकात परगावचा पाहुणा उतरला म्हणजे त्यास काय काय दाखवावयाचे याची यादी घरोघर ठरलेली असते. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन. वेळ असल्यास पांडवलेणी. आणि परतताना पिशवीत चिवडा व मोसम असेल तर द्राक्षांची पेटी. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून गावास हे नाव पडले असे सांगतात, आणि ती जागा दाखविताना यजमानाच्या मुद्रेवर थोडा अभिमानही झळकतो. एका बाईचे नाक कापल्याचा असा उघड अभिमान बाळगणारे दुसरे शहर असेलसे आम्हांस वाटत नाही. असो. या भरगच्च यादीत एका भुताची उणीव आहे, ही गोष्ट मात्र गेल्या वर्षापर्यंत आमच्या ध्यानात आली नव्हती. ती एका दहा वर्षांच्या मुलाने आणून दिली.

आमचा इंदूरचा चुलतभाऊ त्र्यंबकेश्वरी त्रिपिंडी श्राद्ध करावयाचे म्हणून सहकुटुंब आमच्याकडे उतरला होता. त्याच्या पत्नीचे माहेर पुण्याचे. सबब मंडळी पुण्यावरून आली होती, आणि तेथे मुलास शनिवारवाडा दाखविण्यात आला होता. रात्री पंगत बसली. हा मुलगा लवकर जेवून हात धुऊन उठला, आणि थोड्या वेळाने आतल्या खोलीतून धावत येऊन, मागून आमच्या कमरेस मिठी मारून, घसा फोडून ओरडला, ‘काका, मला वाचवा!’ नात्याने आम्ही त्याचे काकाच. तेव्हा विनोद बरा साधला होता. सर्व मंडळी हसली, आम्हीही हसलो. आमची आत्या तेवढी हसली नाही. ती पानावरून उठली. भात तसाच राहिला होता.

मुलाच्या ते लक्षातही आले नाही. तो आपल्या सहलीची हकीकत सांगण्यात दंग होता. दिल्ली दरवाजाचे ते मोठमोठे खिळे, त्यावर हत्तीने धडक दिली तर हत्तीचे काय होईल, आत गेल्यावर नुसते चौथरेच चौथरे, आणि पौर्णिमेच्या रात्री त्या चौथऱ्यांतून धावत ओरडणारा मुलगा. ‘तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो,’ असे त्याने आम्हांस मोठ्या गांभीर्याने बजावले, आणि लगेच विचारले, ‘काका, तुमच्या नाशिकचे भूत कुठे असते?’ नाही म्हणून सांगितले, तर त्याचा चेहरा उतरला. एवढे मोठे तीर्थक्षेत्र, आणि एक भूत नाही!

शनिवारवाड्याची ती हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. तथापि भुताच्या गोष्टीत माणसाची गोष्ट कशी बुजून जाते हे पाहावयाचे तर ती एकदा सरळ सांगितली पाहिजे. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने वारले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. त्याचे वय तेव्हा सतरा वर्षांचे. चुलता राघोबादादा त्याच वाड्यात नजरकैदेत होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, सुमेरसिंगाचे गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीत वाड्यात शिरले. नारायणराव पळत चुलत्याच्या खोलीत गेला व त्यास बिलगला. चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्यावर आपले अंग घातले. दोघेही तेथेच मारले गेले. पेशवाईची वस्त्रे मिळून मुलास पुरते नऊ महिनेही झाले नव्हते, आणि त्याची पत्नी गंगाबाई गर्भवती होती.

आता भुताकडे पाहा. हा वध भर दुपारी झाला. पण भुतास पौर्णिमेची रात्र लागते. ज्या दालनांतून तो मुलगा धावला ती १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत जळून गेली. म्हणजे आज धावावयाचे तर त्यास उघड्या चौथऱ्यांवरून धावले पाहिजे. रात्री वाड्याचे दरवाजे बंद असतात. सबब हाक ऐकावयास आत कोणी नसते, आणि ज्यांनी ऐकली म्हणून सांगतात त्यांतील प्रत्येकाने ती दुसऱ्या कोणी ऐकल्याचे ऐकलेले असते. हे सर्व असो. भुताची उलटतपासणी करणे हा वकिली स्वभाव झाला. आमची खरी तक्रार निराळी आहे. त्याच दालनात टिळेकरही पडला; त्याचे भूत कोणी ऐकत नाही. खुनानंतर ज्या रामशास्त्र्यांनी चौकशी करून गादीवर बसलेल्या राघोबाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, त्यांची आठवण काढीत वाड्यात कोणी रात्रीचे थांबू पाहत नाही. ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ‘ध’चा ‘मा’ केला, हे आनंदीबाईच्या माथी इतके पक्के बसले आहे की तो कागद आपण पाहिलेला नाही, नुसता ऐकलेला आहे, याचाही विसर पडतो. गोष्टीतून एवढी माणसे गळून पडली, आणि शेवटी उरली तीन शब्दांची एक किंकाळी. तिची नक्कल दहा वर्षांच्या मुलासही करता येते.

पण हा दोष केवळ पुण्याचा नव्हे. राजस्थानात भानगड म्हणून एक ओस पडलेले गाव आहे. सूर्यास्तानंतर आत जाण्यास मनाई असल्याची सरकारी पाटी तेथे आहे, आणि त्या पाटीमुळेच भुतांवर सरकारी शिक्का बसला असे समजून लोकांच्या झुंडी तेथे जातात. अमेरिकेत तर याहून मौज झाली. न्यूयॉर्कच्या उत्तरेस हडसन नदीच्या काठी नॉर्थ टॅरीटाउन नावाचे लहानसे गाव होते. तेथील मोटारींचा मोठा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. गावाने पोटापाण्याचा विचार केला. त्याच परिसरावर वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाने १८२० मध्ये एक गोष्ट प्रसिद्ध केली होती; तीत एक मुंडके नसलेला घोडेस्वार रात्री रस्त्याने दौडत असतो. कारखाना गेला त्याच वर्षी गावकऱ्यांनी मते दिली, आणि गावाचे नावच त्या गोष्टीवरून स्लीपी हॉलो असे ठेवले. आता दर ऑक्टोबरात तेथे प्रवाशांची रीघ लागते. कारखान्याने जे दिले ते भुताने भरून काढले की नाही हे त्या गावकऱ्यांस ठाऊक. मात्र आम्हांस त्यांचा राग येत नाही. तो घोडेस्वार लेखणीतून निघालेला आहे. त्याच्या आईस कोणी ओळखीत नव्हते.

नारायणरावाच्या आईची गोष्ट तशी नाही, आणि येथेच आमचे नाशिक मध्ये येते. शहराच्या पश्चिमेस तीनएक मैलांवर, गोदावरीच्या काठी, पूर्वी चौंधस नावाचे खेडे होते. राघोबादादाने तेथे वास्तव्य केले आणि पत्नीच्या नावावरून गावाचे नाव आनंदवल्ली असे ठेवले. तीच आनंदीबाई. दादा १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावी वारला. पुढे कोपरगाव आणि आनंदवल्ली येथे नाना फडणीसांच्या पहाऱ्यात दिवस कंठून १७९४ मध्ये तीही गेली. आनंदवल्लीवरून नदीच्या कडेने तसेच वर गेले म्हणजे सोमेश्वर लागते आणि पुढे गंगापूर. त्या गंगापुरास गोपिकाबाई राहत असत. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, नारायणरावाची आई. थोरला मुलगा विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर गेला, मधला थेऊरास गेला, धाकटा शनिवारवाड्यात. पेशवाईची वस्त्रे मिळाल्यावर हा धाकटा आईस भेटावयास गंगापुरास येऊन गेला होता असे इतिहासकार लिहितात. गोपिकाबाई त्याच्यामागे पंधरा वर्षे जगल्या आणि १७८८ मध्ये नाशिकासच वारल्या. म्हणजे जिच्यावर खुनाचा आळ, ती आणि जिचा मुलगा मारला गेला, ती, अशा या दोन जावांची नावे आमच्या एकाच रस्त्यावर, दोन-तीन मैलांच्या अंतराने, एकाच नदीचे पाणी पीत राहिली आहेत. गंगापूर रस्ता म्हणून तो आज प्रसिद्ध आहे. त्यावर बंगले आहेत, महाविद्यालये आहेत, पुढे मातीचे धरण आणि द्राक्षांचे मळे आहेत. भूत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलास त्या रस्त्याने घेऊन निघालो. आत्या म्हणाली, मलाही न्या, नवश्या गणपतीचे दर्शन होईल. हे गणपतीचे देऊळ आनंदवल्लीसच नदीच्या काठावर आहे. राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्या नवसाशी त्याची कथा जोडलेली आहे. लोक तेथे नवस बोलावयास येतात, आणि तो फळला म्हणजे घंटा बांधून जातात. आनंदीबाईच्या नावाच्या गावी माणसे येतात ती मूल व्हावे, परीक्षा सुटावी, नोकरी लागावी म्हणून. कोणाची किंकाळी ऐकावयास येत नाहीत. हे आम्ही मुलास समजावून सांगितले. त्यास ते फारसे रुचले नाही. घंटा मात्र त्याने मोजावयास घेतल्या.

नदीकडील पायऱ्यांवर बसून आम्ही त्यास दोन जावांची गोष्ट सांगितली. मुलांस इतिहास सांगावयाचा तर सनावळी वगळून नाती सांगावीत, असा आमचा अनुभव आहे. त्याने सर्व नीट ऐकले आणि विचारले, ‘मग तो ओरडला तेव्हा त्याची आई कुठे होती?’ आम्ही प्रवाहाच्या वरच्या दिशेस बोट दाखविले. ‘तिला ऐकू आले का?’ पुणे येथून सव्वाशे मैल आहे, असे आम्ही म्हणालो. ‘म्हणजे नाही,’ तो म्हणाला. आत्या पाण्याकडे पाहत होती.

आता जे सांगावयाचे ते टाळता आले असते तर बरे झाले असते. आत्यास एकच मुलगा होता. आम्ही त्यास दादा म्हणत असू. १९६९ च्या महापुरानंतर दोन वर्षांनी, श्रावणात, नदी दुतोंड्या मारुतीच्या कमरेस लागली असता, दादाने गावातील इतर तरुणांप्रमाणे होळकर पुलावरून उडी घेतली. पोहण्यात तो वाकबगार होता. दोन वेळा वर आला. काठावरच्यांनी त्याची हाक ऐकली. तिसऱ्यांदा आला नाही. तेव्हा त्याचे वय अठरा वर्षांचे होते. आमचे नऊ.

दोन महिन्यांच्या आत आमच्या आळीत ठरले की अमावास्येच्या रात्री पुलाच्या कमानीखालून ‘आई’ अशी हाक येते. ही बातमी प्रथम कोणी आणली ते आज सांगता येणार नाही. बहुधा कोणीच आणली नाही, ती आपोआप आली. इतर आळ्यांतील मुले ऐकावयास येऊ लागली. त्यांस घेऊन जाणारा, कमान दाखविणारा, ‘आता गप्प बसा, आता येईल’ असे कुजबुजणारा कोणी तरी लागतो. ते काम आम्ही पत्करले. प्रत्यक्ष आतेभाऊ म्हणून आमच्या शब्दास वजन होते. दर डोई दोन लिमलेटच्या गोळ्या असा आमचा आकार असे. पाण्याचा आवाज अंधारात नाना तऱ्हांनी होतो. नीट कान देणाऱ्या मुलास काही ना काही ऐकू येतेच, आणि ज्यास येत नसे त्यास आम्ही भित्रा ठरवीत असू, कारण भीतीने कान बंद होतात असे एक शास्त्र आम्ही रचले होते. दादावर आमचे प्रेम नव्हते असे नाही. त्यानेच आम्हांस पोहावयास शिकविले होते. पण गोळ्या तोंडात असता ते आठवत नसे. पुण्याच्या वाड्यावर तिकीट काढून आत जाणाऱ्या माणसास आम्ही कोणत्या तोंडाने नावे ठेवावी?

हा व्यापार चार-पाच अमावास्या चालला आणि बंद पडला. कारण हिवाळ्यात आत्या आणि तिचे यजमान त्र्यंबकास गेले आणि तीन दिवस राहून नारायण-नागबळी करून आले. अपमृत्यूने गेलेल्यांस, ज्यांची वासना अडकली असे वाटते त्यांस, मोकळे करण्याचा हा विधी. पिठाचा पुतळा करून त्याचे और्ध्वदेहिक करावयाचे, पिठाचा नाग करावयाचा, अहिल्या-गोदावरीच्या संगमावर पिंड द्यावयाचे, आणि नवी वस्त्रे नेसून बसलेल्या माणसांनी ती वस्त्रे तेथेच सोडून यावयाचे. ते उरकले हे आळीस कळताच पुलाखालचे भूत संपले. कोणी आम्हांस रागावले नाही, कोणी समजावलेही नाही. मोठ्या मुलांनी एवढेच सांगितले की ‘तो आता गेला’, आणि गिऱ्हाईक येईनासे झाले.

या विधींवर आमचा विश्वास आहे असे आम्ही म्हणत नाही. त्र्यंबकासही दक्षिणा पडते, दलाल भेटतात, आणि तेथील लहानशा गावाचा मोठा उदीम भुतांवरच चालतो हे आम्हांस दिसते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे येतात ती सर्वच ज्योतिर्लिंगासाठी येत नाहीत. पण एक भेद आम्हांस नेहमी जाणवतो. इतर ठिकाणी लोक भूत असावे म्हणून जातात. त्र्यंबकास ते नसावे म्हणून जातात. त्रिपिंडीत तर मृताचे नाव-गोत्रही उच्चारीत नाहीत; कोण अडकला आहे हे आपणास ठाऊक नसते, तेव्हा जो असेल त्यास पोहोचावे असे म्हणावयाचे. ज्या देवळाच्या गावी हे चालते, ते देऊळ आजच्या रूपात बांधावयास घेतले ते नानासाहेब पेशव्यांनी, नारायणरावाच्या वडिलांनी. त्या मुलाची हाक अडीचशे वर्षे वाड्यात ठेवून घ्यावी आणि बापाच्या देवळी जगातील अनोळखी भुतांची सुटका व्हावी, हा योग मोठा विचित्र आहे.

तिसऱ्या दिवशी पाहुणे त्र्यंबकास गेले. घरी आम्ही आणि आत्या दोघेच. आत्याचे वय आता नव्वदीस आले आहे. ती ओसरीवर वाती वळीत बसते आणि सहसा आपण होऊन बोलत नाही. त्या दुपारी मात्र तिने वात वळता वळता विचारले,

‘त्या पुलाखाली तुम्ही पोरं गोळ्या घेत होता ना रे?’

पन्नास वर्षांत हा विषय आमच्या घरात निघाला नव्हता. तिला ठाऊक असेल असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. आम्ही ‘हो’ म्हणालो. त्याहून अधिक काही सुचले नाही. क्षमा मागावयाची तर तिचेही वय असते, ते आमचे कधीच उलटून गेले होते.

‘मी येत असे,’ ती म्हणाली. ‘तुम्ही पोरं घरी गेलात की. अवसेला.’

‘कशाला ग?’

तिने आमच्याकडे असे पाहिले की तो प्रश्न आम्ही पुन्हा विचारला नाही.

‘सगळे सांगत, ऐकू येतो म्हणून. म्हटलं, येत असेल तर आपण का चुकवा?’ तिने वळलेली वात तबकात ठेवली आणि दुसरा कापूस घेतला. ‘चार अवसा आले. नुसतं पाणी. मग ह्यांना म्हटलं, त्र्यंबकास चला.’

आणखी किती वाती झाल्या ते आठवत नाही. उन्हे उतरली तेव्हा फाटक वाजले, आणि बाहेरून ‘काका!’ अशी हाक आली. आम्ही उठून दार उघडले.